तिसऱ्या ओळीतला खांब

९ नोव्हेंबर, रविवार

खतीबचाचांचा फोन! किती वर्षांनी! आवाज थकलाय, पण 'मालन' म्हणण्याची तऱ्हा तीच. जुन्या नाशकातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी जी मशीद, तिची देखभाल आता त्यांच्याकडे. इंजिनिअरने सांगितलंय — लाकडी दालन कललंय, उतरवा, स्लॅब टाका. एकवीस तारखेला, शुक्रवारच्या नमाजानंतर ट्रस्टची बैठक. चाचांचं म्हणणं, पाडायचंच असेल तर निदान त्याचं मोजमाप कागदावर राहू दे. ओझरच्या कारखान्यात एकतीस वर्षं विमानांची ड्रॉइंग्ज काढलीस, आता आमची मशीद काढ.

हो म्हटलं. नाही म्हणणं जमलंच नसतं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दहा ते बारा ही वेळ मिळाली, दोन नमाजांच्या मधली. चप्पल काढून फरशीवर पाऊल ठेवलं आणि तळपाय गार झाले. तोच गारवा! सात-आठ वर्षांची मी बाबांचा डबा घेऊन यायची. बाबा म्हणजे सोमनाथ मिस्त्री. दाराची बिजागरी निघाली, इमामांच्या प्रवचनाच्या मिंबरची पायरी हलली, की गल्लीतल्या ह्या सुताराला बोलावणं. ते जेवेपर्यंत मी हौदाच्या काठावर बसून मासे बघायची. हौद आता बुजवलाय, तिथे नळांची रांग आहे. शेवाळाचा वास मात्र आला. खरंच आला की मीच आठवून आणला, कोण जाणे.

टेपचं टोक चाचांनी स्वतः धरलं. अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे. खाली बसताना गुडघे कुरकुरतात, तरी दुसऱ्या कुणाला धरू देईनात.

१२ नोव्हेंबर

आज फक्त मेहराब, पश्चिमेच्या भिंतीतला कमानदार कोनाडा. काळा दगड, एक सांधा दिसेल तर शपथ. घरी येऊन तीनदा कमान काढली, तीनदा चुकली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आता कागदावर मशिदीचं वय दिसायला लागलंय. मेहराबची भिंत दगडी, साडेतीन फूट जाड — मूळ मशीद तेवढीच, छोटीशी. लाकडी दालन नंतर कधीतरी पुढे जोडलेलं. तुळयांची टोकं बसवायला दगडात मागाहून खोबणी कोरल्यात, छिन्नीचे घाव अजून दिसतात. चार ओळी, सोळा खांब. खाली दगडी तळखडा, वर सुरूच्या झाडासारखा निमुळता होत गेलेला साग, माथ्याला केळफुलाची नक्षी. अगदी अशीच केळफुलं आमच्या गल्लीतल्या विठ्ठलमंदिराच्या सभामंडपात होती. चाचांना विचारलं तर म्हणाले, दोन्हीकडे सुतार एकच, असं त्यांचे आजोबा सांगायचे.

दारावर फारसी ओळ आहे. तिच्यात साल असणार. पण ऑइलपेंटचे इतके थर की अक्षरं बुजून गेलीत. कुणी दोनशे वर्षं म्हणतं, कुणी तीनशे. मी सालाची जागा कोरी ठेवली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

ओळंबा लावला. दालन कललंय हे खरं, पण सगळं एकाच जागेकडे. तिसऱ्या ओळीतला, डावीकडून दुसरा खांब खाली बसलाय आणि वरच्या तुळईला ओढतोय. बाकी पंधरा ठणठणीत. टोच्या आत शिरत नाही. ह्याच्यात दोन इंच गेला. रंग खरवडून पाहिला — आंबा! साग नव्हेच.

चाचा मागे उभे होते. खांबावर हात ठेवून म्हणाले, "एकोणसत्तरच्या पुरात ओंडका आदळून जुना मोडला. हा तुझ्या बाबांनी दिला."

मी टेप गुंडाळली.

१८ नोव्हेंबर

सागाशिवाय हात लावणार नाही — बाबांचं हे बोलणं अख्ख्या गल्लीला पाठ होतं. गिऱ्हाईक परत पाठवायचे. मग प्रार्थनेच्या जागी आंबा? तोही रंगाखाली लपवून?

'ओल लागली' एवढंच सांगता येईल. बाबांचं नाव राहील. पण मग इंजिनिअर म्हणणार, ओल सगळ्यांनाच लागली असेल. दालन जाईल. खरं सांगितलं तर दालन वाचेल.

बाबा जाऊन अठरा वर्षं झाली. त्यांना विचारणार कसं?

२० नोव्हेंबर

आईशी बोलायला म्हणून तिच्या खोलीत गेले. औषधाची गोळी देऊन परत आले. पंच्याऐंशीव्या वर्षी तिला नवऱ्याबद्दल हे ऐकवू?

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सांगितलं.

अंगणात चटईवर ड्रॉइंग पसरलं. पंधरा-वीस माणसं. म्हणाले, "हा एक खांब आंब्याचा आहे. माझ्या वडिलांचा. दोष त्याच्यात आहे, तुमच्या दालनात नाही." चाचा जमिनीकडे बघत होते. मग इंजिनिअर उठला. माझ्याकडून टोच्या घेऊन त्याने स्वतः चार-पाच खांब तपासले. परत येऊन म्हणाला, टेकू देऊन हा एक बदलू, स्लॅबची गरज नाही. हात वर झाले. दालन राहिलं!

चाचा फाटकापर्यंत सोडायला आले. हळूच म्हणाले, पुरानंतर शहरात साग होता कुठे, वखारी सगळ्या नदीकाठी, वाहून गेलेल्या. माझी समजूत घालत होते. पण साग नव्हता तर तसं सांगायचं ना. लपवलं का? तेच सलतंय.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आईला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. हात थांबले नाहीत.

"तो तुझ्या बाबांचा नाही. माझा आहे."

पुरानंतर बाबा टायफॉइडने दीड महिना अंथरुणावर होते. मी तेव्हा त्र्यंबकला मामाकडे. दालन खाली येईल म्हणून मशिदीतून निरोपावर निरोप. दारातला आंबा पुरात पडला होता. आईने दार लावून तो करवतीने कापला, बाबांच्या वाकसाने तासला. बाबा पडल्या पडल्या मापं सांगत होते. बाईच्या हातचा खांब लोक लावू देणार नाहीत, म्हणून दोघांनी तोंड बंद ठेवलं. तो उभा करायला चार माणसं आली, बाबा अंगात ताप असताना त्यांच्याबरोबर गेले. साग मिळाला की बदलू म्हणाले होते. ते राहूनच गेलं.

मीही जुडी ओढून निवडायला बसले. तिनेच विचारलं, कधी काढणार तो. म्हटलं, बुधवारी.

"त्याआधी मला एकदा ने. उभा केलेला मी बघितलाच नाही."