बोलिव्हियाची नोट आणि माझं मशीन

प्रिय किशन,

गंगाखेडच्या बसस्टँडवर बसून तुला लिहायलोय. सव्वानऊची परभणी गाडी अजून लागली नाही, आणि अकरा वाजता तुझ्या नोटांचा अल्बम परभणीच्या तुझ्या घरातून कायमचा जाणार आहे. तू गेल्याला पाच महिने झाले, तुला एक ओळ लिहावी असं कधी सुचलं नाही. आज सुचलं. वर्षाला जे सांगायचंय ते आधी तुझ्यापुढं सांगून बघतो. बापापुढं जमलं तर लेकीपुढं जमेल.

दुकानातल्या बिघडलेल्या झेरॉक्स पिशवीत टाकून आणल्यात. पाठीमागून कोऱ्या आहेत. कागद वाया घालवायचा नाही, ही सवय तुझीच ना!

रविवारी वर्षानं बोलावलं होतं. "काका, नांदेडचे शेठ येणारेत बाबाच्या नोटा बघायला. मला त्यातलं काय कळतं? तुमी येऊन बसा." मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. तुझ्या खुर्चीत शेठ, पलंगावर जावई, दारात वर्षा, आणि मधे तुझा तो जाड अल्बम.

शेठ पानं उलटत होता. अर्जेंटिनाची दहा लाखांची नोट आली तसे जावई पुढं सरकले. "दहा लाख?"

"पन्नास रुपये," शेठ म्हणाला. "ह्या लय छापल्या होत्या. शून्यं बघू नका साहेब, कागद बघा."

मला हसू आलं. हेच तू मला किती वेळा सांगितलंस!

मग ती आली. बोलिव्हियाची. शेठचा हात थांबला. चष्मा कपाळावर सारून त्यानं नोट डोळ्याजवळ नेली, नखानं कोपरा खरवडला आणि म्हणाला, "कोण्या येड्यानं ही प्लास्टिकात घातली?"

किशन, माझ्या हातात चहाचा कप होता. तो ना वर गेला, ना खाली.

"उघडी असती तर बारा हजार दिले असते," शेठ म्हणाला. "आता शंभर. आन् सोलायला जाऊ नका, कागद बी संगं निघंल."

जावई हसले. "मामांचं असंच. जल्मभर कागद चिवडत बसले, आन् एकच मोलाचा होता, तो बी सोताच्या हातानं घालवला."

वर्षानं मान खाली घातली. "बाबाला वाटलं असंल, टिकंल म्हणून." शेठनं सगळ्या अल्बमचे पाच हजार सांगितले, तर म्हणाली, "न्या. बाबाला त्यातलं कळत असतं तर गोष्ट येगळी व्हती. आता ठिवून तरी काय?" शेठनं आज अकराला पैसे आणून अल्बम न्यायचा, असं ठरलं.

आणि मी? मी चहा प्यालो. गार झालेला, साय धरलेला. तो येडा मी आहे, एवढं माझ्या तोंडातून निघालं नाही.

गाडी लागली. खिडकीची जागा मिळाली. अक्षर हलतंय, समजून घे.

ती नोट कशी आली, आठवतं का तुला? गंगाखेडच्या पोस्टाच्या खिडकीमागं बसून तू बोलिव्हियातल्या त्या मास्तरला पत्रं लिहायचास. त्याचं इंग्रजी मोडकं, तुझं त्याहून मोडकं. "बोलिव्हियालाबी समुद्र न्हाई, परभणीलाबी न्हाई, म्हणून आमचं जमतंय," म्हणायचास. तुझ्या आजोबांच्या ट्रंकेत निजामाच्या राज्यातली एक रुपयाची, तिथल्या हाली चलनातली नोट निघाली, ती तू त्याला पाठवलीस आणि त्यानं तुला ही. आजोबांची आठवण परदेशी धाडली म्हणून तुझी आई दोन दिवस तुझ्याशी बोलली नव्हती.

नोट आली तसा तू थेट माझ्या दुकानात आलास. "डोळे मीट," म्हणालास. माझं बोट धरून नोटेवरून फिरवलंस. "लागती का शाई? उभी हाय ती. शंभर वर्षं झाली, अजून उभी हाय." आणि खरंच लागली रे! नांगरलेल्या रानावरून हात फिरवावा तशी, पण किती बारीक!

पुढं एकदा त्या नोटेवरची सही कुणाची ते मास्तरला विचारायचं म्हणून तू ती झेरॉक्सला दिलीस आणि जेवायला गेलास. माझं लॅमिनेशनचं मशीन त्याच आठवड्यात आलेलं. गावातली राशनकार्डं, मार्कलिस्टा, लग्नातले फोटो, दिसेल ते मी प्लास्टिकात घालत सुटलो होतो. म्हटलं, किशनच्या सगळ्यात लाडक्या कागदाला नको का? हिरवा दिवा लागला, नोट इकडून आत गेली, तिकडून चकचकीत होऊन बाहेर आली. काय खूश झालो होतो मी! पैसेसुद्धा लावले नाहीत.

तू आलास. नोट हातात घेतलीस. तिच्यावरून एकदा बोट फिरवलंस. मग पाणी मागितलंस. तांब्याभर पाणी उभ्यानं प्यालास आणि म्हणालास, "लिंबाजी, आता ही मरत न्हाई."

मला ती शाबासकी वाटली!

त्यानंतर तू मला सगळं शिकवलंस. नोट उन्हाकडं धरून आतली पाणछाप कशी बघायची, टाचणीची छिद्रं कशी मोजायची, एका घडीनं किंमत कशी उतरते. चौथी शिकलेला माणूस मी, पॅराग्वे नि उरुग्वे नकाशात बोट ठेवून दाखवायला लागलो. पण प्लास्टिकचा धडा तेवढा गाळलास. का रे? शिव्या द्यायच्या होत्यास. मशीन रस्त्यावर फेकायचं होतंस! वर मीच दर दिवाळीला म्हणायचो, "आण सगळ्या, फुकट करून देतो," आणि तू म्हणायचास, "बघू, बघू." हळूहळू तू नोटा दुकानात आणायच्या बंद केल्यास, नुसती नोटांच्या नोंदीची वही घेऊन यायचास. मला वाटायचं, ह्याचा माझ्यावरचा भरवसा उडाला. मी मनात राग धरला होता तुझ्यावर. ऐकतोस का?

ती वही रविवारी निघताना वर्षानं मला दिली. "बाबाची आठवण, ठिवा तुमच्यापाशी." काल उघडली. देश, कागद, शाई, छिद्रं, भाव. बोलिव्हियाच्या ओळीत भावाच्या रकान्यावर लाल रेघ, आणि पुढं तुझ्या त्या गोल अक्षरात लिहिलेलं: "लिंबाजीनं जपून दिली. विकायची नाही."

फोटो कापायचं ब्लेड माझ्या टेबलावर असतं. खोटं कशाला सांगू, ते मी हातात घेतलं होतं. एकच तर पान, कापलं की माझं नाव गेलं! वही परत कोण मागणार होतं? शिवणीवर ब्लेड टेकवलं, आणि तुझ्या 'जपून'वर नजर गेली. ब्लेड खाली ठेवलं. मग वही पहिल्यापासून वाचली. तुझ्या हिशोबानं राहिलेल्या अल्बमचे पंचवीस हजारांच्या खाली येत नाहीत. शेठ लबाड नसेल, पण दोन पानं त्यानं जरा जास्तच घाईनं उलटली होती. तुला कळत नव्हतं म्हणे! गावात तुझ्याइतकं कुणाला कळत होतं?

वर्षाला फोन केला, नुसतं "येतो" म्हणालो. ती म्हणाली, "अकराच्या आत या काका. शेठला पुढं जायचंय." खरं काय ते फोनवर सांगायला जीभ उचलली नाही. तोंडावर जाऊन सांगू म्हटलं.

पोखर्णीच्या अलीकडं गाडी थांबलीय. उसाची ट्रॉली आडवी झालीय, रस्ताभर ऊस. दहा वाजून वीस मिनिटं. माणसं खाली उतरून ऊस मोडून खायलीत. मला बसवेना आणि उतरवेना.

आत्ता झालं ते लिहितो. वर्षाचाच फोन आला.

"काका, कुठवर आले? शेठ लवकरच आलेत. पैसे मोजायलेत."

"देऊ नको! वर्षा, अल्बम देऊ नको. ती नोट तुझ्या बापानं न्हाई, म्या घातली प्लास्टिकात. माझ्या मशीनमधून. येडा म्या हाय!"

मी ओरडलोच असणार. गाडीतली सगळी तोंडं माझ्याकडं वळली. पुढच्या बाकावरच्या म्हातारीनं कंडक्टरला विचारलं, "कोन्ची नोट म्हनायलेत?"

"दोन हजाराची असंल, मावशी. लपवून ठिवली असंल घरात."

वर्षा हळू म्हणाली, "बाबाला माहीत व्हतं?"

"व्हतं. वहीत लिहून ठिवलंय."

"आन् रविवारी हे माझ्या बाबाला हसले, तवा तुमी समोर चहा पेत बसले?"

"व्हय," म्हटलं.

मग तिचा आवाज आला, पण माझ्यासाठी नाही, तिकडच्या माणसांसाठी. "शेठ, पैसे खिशात ठिवा. बाबाची वही आल्याबिगर अल्बम हलत न्हाई." आणि फोन बंद झाला.

मला "या" म्हणाली नाही. शेवटी काकासुद्धा म्हणाली नाही. लागलंय तिला. लागायलाच पाहिजे.

ट्रॉली कडेला घेतलीय, गाडी हललीय. आता ऐक. वही तिच्या हातात देईन, ते पान उघडून. जावयापुढं आणि शेठपुढं पुन्हा एकदा सांगेन, आणि या वेळी उभं राहून. तिनं घरात घेतलं तर तू गाळलेला धडा तिला सगळ्यात आधी शिकवीन, मग एकेक नोट उन्हाकडं धरून बाकीचे. नाही घेतलं, तर वही उंबऱ्यावर ठेवून माघारी येईन, आणि पुढच्या रविवारी पुन्हा जाईन. त्याच्या पुढच्या रविवारीही जाईन. ती कधीतरी दार उघडेल ना? त्या दिवशी तुझ्या अल्बममधली एखादी जुनी, उघडी नोट काढीन, वर्षाचं बोट धरीन आणि तिला म्हणेन, डोळे मीट.

तुझाच येडा,
लिंबाजी