बापाच्या नावासकट

हूरा, मनामा, बहारीन
१२ फेब्रुवारी १९८४

प्रिय थोरल्या,

पत्राची सुरुवात 'प्रिय'ने करायची असते म्हणून केली, त्यावरून पाघळू नकोस. तुझं पत्र पोचलं. दुबईला गाळ उपसणाऱ्या बोटीवर तुझी निवड झाली आहे, कंपनी माझीच डच कंपनी आहे, तेव्हा साहेबाच्या कानावर तुझं नाव घालावं, पण तू हॉलंडला होतास हे मात्र बोलू नये, असं तू लिहिलंयस. वाचून आधी हसू आलं आणि मग असा संताप आला की रखमाने माझ्या पुढ्यातलं ताट उचलून नेलं.

इकडची हकीकत ऐक. आमचा जुना ठेका संपला आणि नव्या ठेक्यात ही डच कंपनी आली. वेल्डिंगने माझे डोळे अधू झालेत, म्हणून मला स्टोअरकीपर करायचं ठरलं होतं. ती नोकरी मिळाली तर राहायचं, नाहीतर महिनाअखेर व्हिसा रद्द आणि नवरा, बायको, पोरगी तिघांनी बोचकी बांधायची. मेधा ईसा टाउनच्या शाळेत सातवीत आहे. मी मराठीत ओरडतो, ती इंग्रजीत उत्तर देते, पण वर्गात पहिली येते. तिला आता कुठल्या शाळेत नेऊन बसवू? कंपनीची अट एवढीच होती की मी तीन वर्षं हॉलंडात राहिलोय, तर तिथला वर्तणुकीचा दाखला आणावा. मी छाती पुढे काढून अर्ज केला. दाखला नाकारला गेला. ऑफिसातल्या लतीफने हात झटकून सांगितलं, मफी सर्टिफिकेट, मफी स्टोअर, खलास. म्हणजे दाखला नाही तर स्टोअरही नाही, विषय संपला.

तिथली पद्धत तुला ठाऊक नसेल, किंवा माझ्यापेक्षा चांगली ठाऊक असेल. कुणाला शिक्षा झाली की कोर्टाकडे त्याचं कार्ड तयार होतं, आणि शिक्षा भोगून झाली तरी ते वर्षानुवर्षं राहतं. तिथे जन्मलेल्यांचं कार्ड जन्मगावच्या कोर्टाकडे, तुझ्यामाझ्यासारख्या बाहेरच्यांची सगळी हेगला. दाखला देतो तो गावचा नगराध्यक्ष. माणूस कुठल्या कामावर चाललाय आणि कार्डावर काय आहे, हे ताडून तो ठरवतो. वेल्डर म्हणून मागितला असता तर कदाचित मिळाला असता. पण हातात स्टोअरच्या किल्ल्या येणार आणि कार्डावर चोरी! गुन्हा काय ते कंपनीला कळवत नाहीत. दाखला मिळाला नाही एवढंच कळतं, मग ज्याला जे सुचेल ते तो धरून चालतो. कँटीनमध्ये माझ्या शेजारी बसणारे आता दुसरं टेबल बघतात.

आमचे मॅनेजर सुट्टीवर घरी हॉलंडला गेले होते. माझ्या सहीचं संमतीपत्र नेऊन त्यांनी चौकशी केली. कार्डावर निघालं ते असं. परब, पांडुरंग. जन्म १ जून १९४८, मालवण. जहाजाच्या स्टोअरमधून तांब्याचे पाइप चोरले, नोव्हेंबर १९७६, तीन आठवडे कैद. आता जरा आठव. आजोबा वारले त्या वर्षी तुझ्या आईला आणि माझ्या आईला पाठोपाठ मुलगे झाले. आजोबा आपल्याच पोटी आले असं दोघी जावा म्हणत होत्या, एकीनेही माघार घेतली नाही, म्हणून एका घरात दोन पांडुरंग, थोरला आणि धाकटा. शाळेत घालताना गुरुजींनी आपल्या रीतीप्रमाणे सगळ्या पोरांना एक जून ही जन्मतारीख देऊन टाकली. आणि तिकडे नावात बापाचं नाव लिहीत नाहीत. म्हणजे हेगच्या कपाटात तू आणि मी एकच माणूस. इथपर्यंत तुला दोष देत नाही.

पण कार्डावर पत्तासुद्धा आहे, स्कीडामच्या माझ्या खोलीचा. तू राहायचास जहाजावर, रविवारी माझ्याकडे फक्त जेवायला यायचास. नाव आजोबांचं, तारीख गुरुजींची, पत्ता मात्र तू दिलास. आणि कधी? मी माझ्या बापाच्या बाराव्याला गावी होतो तेव्हा! खोलीची किल्ली विश्वासाने तुझ्याकडे ठेवून गेलो होतो. परत आलो तेव्हा तू बिस्किटांचा डबा घेऊन आलास, जहाज अँटवर्पला गेलं होतं म्हणालास आणि माझ्या गळ्यात पडून रडलास. मला वाटलं, काकासाठी रडतोयस. तो डबा रखमा इतकी वर्षं तूरडाळीला वापरत होती. काल मी डाळ ताटात ओतली आणि डबा फेकून दिला.

त्या नोव्हेंबरात मी हॉलंडात नव्हतो हे पासपोर्टच्या शिक्क्यांवरून त्यांना पटलंय. पण मग कार्ड कोणाचं, ते माझ्याकडूनच हवं होतं. दुसऱ्या माणसाचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट लिहून सही करायची. तो कागद आठवडाभर घरात पडून होता, तुझ्यासाठी नव्हे, तुझ्या आईसाठी, माझ्या काकूसाठी. आई गेल्यावर गंगूकाकूने मला तुझ्या बरोबरीने वाढवलं. माशाचा मधला तुकडा मला आणि शेपूट तुला वाढायची, याला आई नाही म्हणायची, आणि तू धुसफुसायचास. मी सही केली की तुझी दुबई गेली हे मला कळतं. तरी काल मेधाला शाळेच्या बसमध्ये बसवून आलो आणि लिहिलं, पांडुरंग शंभू परब. कागद गेला. साहेबाच्या कानावर तुझं नाव घातलं बघ, सांगितलंस तसं. हे पत्र तुझी परवानगी मागायला नाही. एकच काम सांगायला लिहिलंय. दुबई का हुकली ते काकूला तूच सांग, मी गावी आल्यावर माझ्याकडून कळायच्या आत. मी सांगितलं तर तिला खोटं वाटेल म्हणून नाही. तिला ते लगेच खरं वाटेल, आणि ते ऐकून मान खाली घालून बसलेली काकू मला बघवणार नाही.

'तुझाच' लिहायची सवय आज मोडतो.

काकूचाच,
पांडुरंग महादेव परब