त्र्याहत्तर कार्डं

प्रिय कोशकार,

तू निवृत्त होऊन चार महिने झाले आणि तुझी खिडकीजवळची खुर्ची मी दुसऱ्याच दिवशी बळकावली, हे आधी कबूल करते. ऊन फार छान येतं तिथे. इतकी वर्षं एकट्यानेच खाल्लंस, लबाडा.

खुर्चीबरोबर तुझा ‘रन’ही माझ्या गळ्यात पडला. इंग्रजीतला एवढासा शब्द आणि अर्थांची कार्डं त्र्याहत्तर. माणसाने पळायचं, नळाने वाहायचं, दुकान चालवायचं, निवडणुकीला उभं राहायचं, सगळं त्या एकाच्याच अंगावर. घरातल्या थोरल्या बहिणीसारखा राबतो बिचारा. गठ्ठ्यावर संपादकांची चिठ्ठी होती: ‘सगळ्या उदाहरणांत एकच बाई का? वाक्यं बदला. सोमवारी छपाई.’

प्रत्येक अर्थाखाली स्वतः रचलेलं वाक्य हवं, हा आपल्या कचेरीचा नियम तू पाळलास खरा. ‘बस सुटेल म्हणून ती पळाली.’ ठीक. ‘थंडीत तिचं नाक गळतं.’ बरं. ‘धुताना तिच्या हिरव्या स्वेटरचा रंग गेला.’ तिथे मी थांबले. त्या स्वेटरचं रडगाणं मी आठवडाभर तुलाच ऐकवलं होतं. मग उरलेली कार्डं भराभर उलटली. सगळीकडे मीच. ‘लांबणे’ या अर्थाखाली लिहिलंयस, ‘तिचं बोलणं लांबलं, तरी मी उठलो नाही.’ त्र्याहत्तर कार्डांत ‘मी’ तेवढा एकदाच आला आहे. आधी राग आला, माझं नाक शब्दकोशात घातलंस म्हणून. मग हसू आलं. मग दार लावून थोडी रडले, आणि फार बरं वाटलं.

दोन दिवस पेन्सिल घेऊन बसले. एकही वाक्य बदलवेना. शेवटी संपादकांकडे गेले आणि म्हटलं, “वाक्यं बिनचूक आहेत, सर. त्यातली बाई मी आहे आणि माझी काही हरकत नाही.” त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला आणि सही केली. कार्डं आज सकाळी छापखान्यात गेली.

आता ती कुणीही वाचेल. त्याआधी तुला गाठावं, म्हणून हे पत्र. एकोणीस वर्षं समोरासमोर बसलो. तुझ्या घरी वाट पाहणारं कोणी नाही, माझ्याही नाही. रविवारी सकाळी तुझ्याकडे येते आहे. इतक्या वेळा लिहिलंस, आता एकदा तोंडाने विचार. उत्तर मी ठरवूनच येणार आहे.

तुझीच,
समोरच्या टेबलावरची