दीड हात कमी पडलेली केबल

शनिवार, ५ एप्रिल

आधी दुरुस्ती. बुधवारच्या नोंदीत मी लिहिलं आहे की नवी इलेक्ट्रिक गाडी मी शोरूममधून घरी आणली. हे चूक आहे. गाडी शोरूमच्या माणसाने चालवली, मी शेजारी बसले होते. अर्थात कुठे वळायचं ते मी सांगत होते, आणि भाजीवाल्याच्या कोपऱ्यावर त्याला हळू घ्यायलाही सांगितलं. म्हणजे निर्णय सगळे माझेच होते. तरीही जे घडलं नाही ते वहीत नको.

खाली पार्किंगमध्ये आल्यावर त्या माणसाने गाडी एका झटक्यात उलटी आत घातली. तोंड बाहेर, पाठ भिंतीकडे. मला ते जरा दिखाऊ वाटलं.

दादा फोनवर म्हणाला, एवढ्याशा शोरूममधून कशाला घेतलीस, मोठ्या डीलरकडे सवलत मिळाली असती. त्याला म्हटलं, आपल्या रस्त्यावरचं दुकान बरं, काही बिघडलं तर चालत जाऊन भांडता येतं. दादा म्हणाला, तू आणि भांडणार. मी विषय बदलला.

आईला सांगितलं, आता दर महिन्याचं डोळ्याचं इंजेक्शन आपल्या गाडीतून. गेल्या खेपेला एका डोळ्याला पट्टी लावून ती हॉस्पिटलच्या एका फाटकात उभी, टॅक्सीवाला दुसऱ्या फाटकात, आणि मी दोघांच्या मध्ये फोनवर. ते पुन्हा होणार नाही. पुढचं इंजेक्शन येत्या शुक्रवारी. आई म्हणाली, बरं.

मंगळवार, ८ एप्रिल

चार्जर बसला. वायरमनने दहाची वेळ दिली होती आणि तो दहालाच आला, त्यामुळे माझी काहीच तयारी झाली नव्हती.

मीटरपासून वेगळी लाइन, वेगळा स्विच, अर्थिंग. अर्थिंग मी दोनदा तपासून घेतलं. वायरमनने विचारलं, ताई, तुम्ही लाइट खात्यात आहात का? म्हटलं, नाही, पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत. म्हणाला, तरीच.

गाडी जशी उभी होती तसा त्याने चार्जर मागच्या भिंतीवर बसवला. गाडीचं प्लग लावायचं झाकण मागच्या चाकाच्या वर आहे, त्यामुळे केबल अगदी आरामात पोचते. हिरवा दिवा लागला. आईला खाली आणून दाखवला. ती जवळ गेली, मान जरा तिरकी केली आणि म्हणाली, हिरवा आहे ना? दिसला मला. हल्ली ती समोर बघायचं असलं की बाजूला बघते.

आता काही बाकी नाही. शुक्रवारी निघायचं.

गुरुवार, १० एप्रिल

सकाळी सराव म्हणून गाडी बाहेर काढली. उत्तम चालते. आवाजच नाही, त्यामुळे गल्लीतल्या कुत्र्याने रस्ता सोडला नाही आणि मी त्याचा सगळा कार्यक्रम आटपेपर्यंत थांबले. मागच्याने हॉर्न वाजवला. त्याचं त्याच्याजवळ.

परत आल्यावर गाडी सरळ आत घातली, नाक भिंतीला. कोणीही शहाणा माणूस अशीच घालेल. मग केबल ओढली तर ती पोचेना. झाकण आता गाडीच्या पार दुसऱ्या टोकाला. भिंतीवरून जमिनीवर, मग पुढच्या चाकाला वळसा, मग दाराखालून... दीड हात कमी.

वायरमनला फोन केला. म्हणाला, जोड लावायचा नाही हं ताई, उन्हाळ्यात वितळेल. मग म्हणाला, उलटी लावा की. त्याला काय कळणार. गाडी कशी लावायची हा चार्जरचा प्रश्न नाही. चार्जर चुकीच्या जागी बसला आहे.

शुक्रवार, ११ एप्रिल

गाडीत अर्ध्याहून जास्त चार्ज आहे. हॉस्पिटल दोनदा जाऊन येण्याइतका. पण घरचा चार्जर नीट नसताना वयस्क माणसाला घेऊन बाहेर पडणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं. आईला कसं सांगावं याचा विचार करत चहा गाळत होते, तर तिनेच सांगितलं की हॉस्पिटलने तारीख एक आठवडा पुढे नेली आहे.

माझ्या खांद्यावरचं ओझंच उतरलं. कधीकधी गोष्टी आपोआप जुळून येतात.

सोमवार, १४ एप्रिल

वायरमन येऊन बघून गेला. चार्जर बाहेरच्या खांबावर हलवता येईल म्हणाला. मग गाडी नाकाने आत घातली तरी केबल पोचेल. फक्त खांब आमच्या आणि शेजारच्या काकूंच्या जागेच्या मध्ये आहे, तेव्हा त्यांना विचारून ठेवा. जाताजाता म्हणाला, नाहीतर मी लावून देऊ का उलटी? दोन मिनिटं लागतील. म्हटलं, आज लावून द्याल, उद्या कोण लावणार? म्हणाला, तेही खरं.

या बाबतीत मी बरोबर आहे, याचं मला समाधान वाटलं. दुसऱ्याच्या हाताने केलेलं काम आपलं नसतं, हे आमच्या घरात पहिल्यापासून आहे. बाबांची सारखी बदली व्हायची, म्हणून दहाव्या वर्षापर्यंत माझी शाळा म्हणजे स्वयंपाकघरातलं टेबल. वर्गात मी एकटीच, त्यामुळे पहिला नंबरही माझा आणि शेवटचाही. परीक्षेची तारीख आई कधी ठरवायची नाही. तयारी झाली की सांग, एवढंच म्हणायची, आणि मग विचारायची नाही. भागाकाराच्या परीक्षेसाठी ती एक अख्खा हिवाळा थांबली होती. त्यामुळे माझा पाया पक्का झाला.

पुढे दोन वर्षांपूर्वी मी लायसन्सही पहिल्याच खेपेला काढलं. तेव्हा शिकवणाऱ्या सरांच्या पायाखाली दुसरा ब्रेक होता, पण तो त्यांनी फारसा दाबला नाही.

बुधवार, १६ एप्रिल

काकूंना विचारायला गेले. त्या दारातच म्हणाल्या, खांब तुझ्या सासऱ्याचाही नाही नि माझ्याही नाही, लाव काय लावायचंय ते. मला सासरे नाहीत. मग म्हणाल्या, पण एवढा खटाटोप कशाला? मागे कॅमेरा आहे, दोन्हीकडे आरसे आहेत, वर मानही दिलीय वळवायला. उलटी घाल.

मी समजावून सांगितलं की पार्किंगमध्ये मुलं खेळतात. काकू म्हणाल्या, कुठली मुलं? या इमारतीत सगळ्यात लहान तूच आहेस.

मग म्हणाल्या, चावी दे, मी लावते, आमच्या ह्यांची जीप मी वीस वर्षं उलटीच लावत होते. मी विम्याचं कारण सांगितलं. विमा माझ्या नावावर आहे हे अगदी खरं आहे. काकू म्हणाल्या, बरं बाई, आणि दार लावून घेतलं. बोलणं सौजन्याने झालं.

संध्याकाळी कामावरून आले तर आई घरात नव्हती. खाली गाडीत बसली होती. पुढच्या सीटवर, काच खाली करून, पर्स मांडीवर. म्हटलं, इथे काय करतेस? म्हणाली, सीट छान आहे.

शुक्रवार, १८ एप्रिल

हॉस्पिटलने तारीख पुन्हा पुढे ढकलली, आई म्हणाली. यांच्या कारभाराला काय म्हणावं. तक्रारीचा मेल लिहायला घेतला, पण आई म्हणाली राहू दे. तिचा स्वभावच तसा, कोणाला दोष द्यायचा नाही.

वायरमनकडे चार्जर खांबावर आवळायची पट्टी नाही. पुढच्या आठवड्यात आणतो म्हणाला.

रविवार, २० एप्रिल

मला गाडी उलटी लावता येत नाही असा काकूंचा गैरसमज झाला आहे, तो दूर करणं आवश्यक वाटलं. म्हणून सकाळी लवकर, कोणी उठायच्या आत, खाली गेले. गाडी बाहेर काढून रस्त्याच्या बाजूला सरळ केली. इथपर्यंत उत्कृष्ट.

रिव्हर्स टाकला. पडद्यावर मागचं चित्र आलं, हिरव्या-पिवळ्या रेघांसह. आणि त्या रेघांच्या मधोमध आई. गाऊनवर शाल घेऊन, एक हात वर करून. मला म्हणत होती, ये, ये, ये, अजून ये. काच बंद होती, तरी तिचे ओठ वाचता येत होते.

तिला न्हाणीघरातल्या फरशांच्या सरळ रेघा वाकड्या दिसतात. दाराची चौकट तिला मध्येच फुगलेली दिसते. अंतर तिला काय दिसणार? पण ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि मला बोलावत राहिली, जणू मी पहिल्यांदा चालायला शिकत होते.

माझा पाय ब्रेकवरून उठेना. मी गाडी पुन्हा सरळ केली आणि नाकाने आत घातली. आईला सांगितलं, फरशी ओली आहे, चाक सरकेल. आई वाकली, हाताने फरशी चाचपली आणि म्हणाली, हो, ओली असेल.

फरशी कोरडी होती. पण पहाटे दव पडतं, त्यामुळे माझं म्हणणं तत्त्वतः बरोबर होतं.

सोमवार, २८ एप्रिल

प्रयोगशाळेत बाटल्यांना लेबलं लावत असताना हॉस्पिटलमधून फोन आला. आईने माझा नंबर दिला होता. बाई जरा रागातच होत्या. तुमच्या आईंनी तीन वेळा तारीख बदलून घेतली आहे, डॉक्टर विचारतायत, इंजेक्शन बंद करायचं आहे का?

मी म्हटलं, तारीख तुम्ही बदललीत. बाई म्हणाल्या, आम्ही कशाला बदलू?

घरी येऊन आईला विचारलं. ती शेंगा सोलत होती. आधी म्हणाली, अगं, तू म्हणाली होतीस ना, आपल्या गाडीतून. मग म्हणाली, टॅक्सी बोलावली असती तर तुला वाटलं असतं मी वाट पाहिली नाही. मी म्हटलं, मग मला विचारायचं नाहीस का? ती म्हणाली, मी कधी विचारते का? तुझी तयारी झाली की तू सांगतेस.

तिला वाटलं एकदोन आठवड्यांचाच प्रश्न आहे. मी तिला रोज सांगत होते की खांबावरची पट्टी येईल.

बाटल्यांना लेबलं कालच्या तारखेची लावली गेली, ती उद्या पुन्हा तपासायची.

बुधवार, ३० एप्रिल

टॅक्सीने गेलो. टॅक्सीवाला वेळेवर आला, बरोबर हव्या त्याच फाटकात थांबला आणि त्याने आईचा हात धरून तिला उतरवलं. त्यामुळे माझ्याकडे करण्यासारखं काही उरलं नाही.

डॉक्टरांनी तिला वहीच्या पानासारख्या चौकोनांचा कागद दाखवला. मागच्या वेळी रेघा वाकड्या होत्या, आता मधला तुकडाच नाही म्हणाली. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, उरलंय ते टिकवू या, पण आता एकही तारीख चुकवायची नाही. ते माझ्याकडे बघून बोलत होते. मी मान डोलावली आणि फोनमध्ये पुढची तारीख घातली, शुक्रवार, ३० मे, आणि दोन आठवणी लावल्या.

परत येताना आई खिडकीशी बसली. विचारलं, दिसतंय का काही? म्हणाली, कडेकडेचं दिसतं. झाडं पळताना छान दिसतात. थोडं हळू जायला हवं.

टॅक्सीवाल्याला मी हळू चालवायला सांगितलं. तो म्हणाला, मॅडम, मागून हॉर्न मारतायत.

शुक्रवार, २ मे

वायरमन खांबावरची पट्टी घेऊन आला. चार्जर हलला. नाकाने आत घातलेल्या गाडीला आता केबल पोचते, वर हातभर उरते. काकू गॅलरीतून म्हणाल्या, झालं का एकदाचं? मी म्हटलं, झालं. वायरमन म्हणाला, आता काही अडचण नाही ताई. मी त्याला अर्थिंग पुन्हा तपासायला सांगितलं.

आता खरोखरच काही अडचण नाही. गाडी पूर्ण चार्ज होते आहे. सकाळपासून मी हे तीनदा खाली जाऊन बघितलं. तिसऱ्यांदा मी आत बसले आणि हात स्टिअरिंगवर ठेवले. समोर भिंत होती. बाहेर पडायचं तर आधी मागेच यावं लागतं, कोणत्याही बाजूने लावली तरी कधी ना कधी मागे यावंच लागतं. ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. त्या रविवारी मी मागे कशी आले होते ते आठवेना.

जेवताना आईला सांगितलं की मी ठरवलं आहे. तिला शेजारी बसवून, हळू, झाडांच्या रस्त्याने नेणार. तारीख सांगितली.

आईने बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाली, पण इंजेक्शन आदल्या दिवशी आहे ना?

म्हटलं, हो, म्हणूनच तर. त्या दिवशी घाईगडबड नको. दुसऱ्या दिवशी निवांत.

बरोबर आहे, आई म्हणाली. तिने पर्समधून टॅक्सीवाल्याचं कार्ड काढलं, डोळ्यांजवळ नेलं, मग बाजूला धरून बघितलं, मग माझ्यापुढे सरकवलं. तीसचं सांगून ठेव बाई, नंबर मला वाचता येत नाही.

मी नंबर लावून दिला. आई फोनवर म्हणाली, हो, दोघी आहोत. नाही, गाडी आहे घरी. ती लेकीची आहे.

मी फोनमध्ये माझी तारीखही घातली, शनिवार, ३१ मे.