चार नंबरच्या नळीतलं पाणी

१४ जून १९९३
इथे जूनमध्ये हिवाळा; गव्हाची चारही वाणं उगवली. प्रत्येक वाफ्यात दोन मीटर खोल ॲल्युमिनियमची नळी ठोकली आहे. दर पंधरवड्याला तीत यंत्र सोडायचं आणि कुठल्या खोलीवर किती ओल उरली ते लिहायचं. चार नंबर माझं वाण, अकरा वर्षं निवडून काढलेलं. नाव ठेवलंय ‘मर्ल’. बायकोचंच. ती मार्चपासून समुद्रकाठी अल्बनीला बहिणीकडे आहे, हवापालटासाठी. नोव्हेंबरमध्ये समिती वाण मंजूर करेल, मग तिला आणायला जायचं. ठरलं.

ता.क. वाफे चिठ्ठ्या टाकून ठरवतात. चार नंबरला भर उन्हातला वाफा आला होता. मी तो कुंपणाकडच्या वाफ्याशी बदलला. तिथे गमच्या, म्हणजे निलगिरीच्या, झाडाखाली बसून आकडे लिहिता येतात. एवढ्यानं शास्त्र बुडत नाही.

१९ जुलै
संकल्प: रोज स्वयंपाक करायचा. टोस्ट त्यात धरायचा की नाही, ते अजून ठरलेलं नाही.

२३ ऑगस्ट
बाकीची वाणं साठ सेंटीमीटरपर्यंतच पाणी ओढतात. खालची माती आंबट, मुळं माघारी फिरतात. चार नंबर मात्र दीड मीटरवरचं पितंय. तीनदा तपासलं. ट्रॅक्टरवाला डग म्हणाला, “लिंडसे, गहू पितोय की ते झाड, एकदा बघ की बाबा.” मी म्हटलं, तू नांगर धर. तीस वर्षं संशोधन केंद्रावर राहून माणूस स्वतःला शास्त्रज्ञ समजायला लागतो.

१२ सप्टेंबर
मर्लला फोन. वाणाला तिचं नाव दिल्याचं सांगितलं. ती म्हणाली, किटलीचं झाकण सापडलं का? आनंदानं दुसरं काही सुचलं नसणार.

४ ऑक्टोबर
चार नंबर सगळ्यांच्या आधी पिवळं पडलं. लवकर पिकणं हाही गुणच. नोंद केली.

९ नोव्हेंबर
समिती आली. मुळं बघायची म्हणाले. जेसीबीनं नळीशेजारी खड्डा घेतला. गव्हाची मुळं पंचावन्न सेंटीमीटरला संपली. दीड मीटरवर गमचं मूळ, मनगटाएवढं जाड, नळीला वेढा घालून बसलेलं. वाण बाद. डग जेसीबीच्या चाकाची माती खरवडत राहिला. एखादा टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

१० नोव्हेंबर
मर्लला फोन केला, सगळं सांगितलं. तिनं विचारलं, झाडाला धक्का लागला नाही ना? इथे आलो त्या वर्षी ते तिनंच लावलं होतं. दोन उन्हाळे भांडी धुतलेलं पाणी बादलीनं नेऊन घातलं. मला आठवेना. ती म्हणाली, “तुला कसं आठवेल? तू गव्हात होतास.” मग म्हणाली, “मी आता परत येत नाही, लिंडसे. झाड तेवढं तोडू नकोस.”
बरं म्हटलं.

११ नोव्हेंबर
तीन नळ्या उपसून धुतल्या. चौथी निघत नाही. मुळानं धरून ठेवली आहे. राहू दे म्हटलं.
जेवण: टोस्ट.