हरकत असल्यास लेखी कळवावे

८ सप्टेंबर २०२५, सोमवार
अखेर फोन आला. मुंबईहून! फोर्टमधली लॉ फर्म, पाटीवर चार आडनावं, काम फक्त बँकिंग अँड फायनान्स. नाव लिहीत नाही, कॉन्फिडेन्शिअल आहे. (सारिकाला सांगितलं. खालच्या चिक्कीवाल्यालाही.)

त्यांची क्लायंट एक मोठी बँक. ती आमच्या औंढे गावातल्या एका रिसॉर्टला कर्ज देणार. जमीन खरंच रिसॉर्टवाल्याची आहे का, तिच्यात आणखी कुणाचा हक्क राहिलाय का, याचा रिपोर्ट लोकल वकिलाने द्यायचा. बोलणारी प्रेरणा मॅडम. आवाजावरून पंचविशीची, पण दर वाक्याला सर म्हणते. माझ्या लगेच लक्षात आलं, ही माझी परीक्षा आहे. आज रिपोर्ट, उद्या बँकेच्या वकिलांचं पॅनल, परवा त्या फर्मचं लोणावळा ऑफिस. पार्टनर कोण, हे सांगायला नको.

सारिका म्हणाली, अहो, पितृपक्ष चालू आहे, नवीन काही सुरू करू नका. मी म्हणालो, फायनान्सला पितृपक्ष नसतो. ती डबा घेऊन शाळेत निघून गेली. शिक्षकी पेशात दृष्टी येत नाही.

संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला उठून इंग्रजी कॉन्ट्रॅक्ट वाचणे. टाय.

९ सप्टेंबर, सकाळी ८.४०
उठलो. मोबाइल चार्जिंगला नव्हता, त्यात माझा काय दोष?

दुपारी पतसंस्थेचं पॅनल सोडलं. बारा वर्षं म्हशी आणि ट्रॅक्टरच्या कर्जाचे कागद केले, पुरे झालं. चेअरमन धोंडिबाभाऊंना म्हणालो, भाऊ, मी आता वेगळ्या स्केलवर जातोय. त्यांनी विचारलं, मग आमचे कागद कोन करनार? मी म्हणालो, चांगला प्रश्न आहे. ते म्हणाले, बरं. मला वाटलं होतं, आग्रह करतील. निदान सत्काराचा विषय काढतील.

तेजल, माझी ज्युनिअर वकील, परतताना म्हणाली, सर, ऑफिसला रोजचं काम तेवढं एकच होतं. मी म्हणालो, तेजल, तू अजून लहान आहेस.

११ सप्टेंबर
गट नंबर आले. बघून हसूच आलं. त्यातला एक आमचाच मळा! आजोबा गेल्यावर आबांनी (म्हणजे वडिलांनी) आणि काकांनी विकलेला. फिरत फिरत तो या रिसॉर्टवाल्याकडे पोचलाय.

तेजल म्हणाली, सर, मी वडगावला जाऊन रजिस्ट्रारकडे तीस वर्षांच्या दस्तांचा सर्च घेते. मी म्हणालो, अगं, त्या मळ्यात मी बैलांमागे पळालोय. घरचीच जमीन, तिचा सर्च काय घ्यायचा? तर म्हणते, विकताना तुमच्या आत्यांची सही झाली होती का?

झुंबरआत्याने आयुष्यात कशालाही हरकत घेतलेली नाही. वाढलेलं खाते, दिलेली साडी नेसते. लाखात एक बाई. तरी रात्री जेवताना आबांना विचारलं. आबांनी टीव्हीचा आवाज वाढवला. म्हणजे काळजीचं कारण नाही.

रिपोर्ट मी स्वतः टाइप केला. टायटल क्लिअर अँड मार्केटेबल, म्हणजे जमिनीत दुसऱ्या कुणाचाही हक्क नाही. शेवटी सही अशी मारली की कागद फाटला. पुन्हा प्रिंट काढली.

१३ सप्टेंबर, शनिवार
बोर्ड रंगवायला टाकला. ‘अ‍ॅड. निलेश महिपती घारे अँड असोसिएट्स. बँकिंग अँड फायनान्स. लोणावळा • मुंबई.’ असोसिएट्स म्हणजे तेजल. मुंबई म्हणजे प्रेरणा मॅडम.

वीकेंडची गर्दी. टाय घालून बसलो तर एक गुजराती कुटुंब जिना चढून आलं आणि खालच्या दुकानाचा मॅनेजर समजून मलाच विचारलं, मँगो फज वर मिळतं का? कार्ड दिलं त्यांना. बडोद्यातही फायनान्स आहेच.

१५ सप्टेंबर
आता जाहीर नोटीस. अमुक जमिनीत कुणाचा हक्क असेल तर चौदा दिवसांत लेखी कळवावे, नाहीतर हक्क सोडला असं समजू, वगैरे. या नोटिशीसाठी एक ठरलेला पेपर आहे. तो कुणी वाचत नाही, म्हणून तर तो ठरलेला आहे. सगळे वकील तिथेच देतात, हरकत येत नाही, फाइल बंद होते.

तेजल म्हणाली, सर, नेहमीच्या पेपरात देऊ ना? मी म्हणालो, हिंमत ठेव जरा! मुंबईच्या फर्मसोबत माझं नाव पहिल्यांदा छापून येतंय आणि ते कुणी वाचू नये? आख्खं मावळ वाचतं त्या साप्ताहिकात दिली. पहिलं पान. चौकट. फोटोसकट. संपादक म्हणाले, नोटिशीला फोटो नसतो. मी म्हणालो, पायंडा पाडू.

हरकती पाठवायला माझा पत्ता फारच साधा वाटत होता. पहिला मजला, चिक्कीच्या दुकानावर. म्हणून फोर्टच्या फर्मचा दिला.

१९ सप्टेंबर
आली! फोटो जरा काळा आलाय, पण भारदस्त. ‘आपलं औंढे’ ग्रुपवर टाकली. अंगठे, फुलं, नमस्कार. भिमाजीने तर ‘साहेबांना वाढदिवसाच्या शुभेच्छा’ लिहिलं. सारिकाने नोटीस दोनदा वाचली आणि म्हणाली, अहो, यात आपल्या मळ्याचा नंबर आहे, हे आत्यांना कळेल. मी म्हणालो, कळू दे की. भाच्याचा अभिमानच वाटेल तिला.

२० सप्टेंबर, शनिवार
आत्या आली होती. उद्या सर्वपित्रीला घरी येणारच होती, पण आज कार्ल्याहून बसने थेट ऑफिसला. पिशवीत तो पेपर. शेजारच्या नंदाबाईने वाचून दाखवला म्हणे. तुजा फोटू लय झ्याक आलाय, म्हणाली. मी चहा सांगितला.

मग हळूच म्हणाली, यात आपला मळा हाय न्हवं? मी कंदी सही न्हाई केली बाबा. मला कुनी इचारलंच न्हाई.

नेमका तेव्हाच प्रेरणा मॅडमचा व्हिडिओ कॉल यायचा होता. मी टाय सारखा करत म्हणालो, आत्या, असं तोंडी नाही चालत. हरकत असेल तर लेखी द्यावी लागते. कायदा आहे. तिने विचारलं, कुटं द्यायची? मी पेपरवर बोट ठेवलं. हा खाली पत्ता आहे बघ. तिने पेपरची नीट घडी घातली, पिशवीत ठेवला आणि उठली. चहा तसाच राहिला.

कॉल आलाच नाही. रेंज नव्हती.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री
आत्याने खीर केली. आजोबांचं पान वाढलं. पानाला हात जोडून बराच वेळ उभी होती. मळ्याबद्दल चकार शब्द नाही. विसरली बिचारी. बरं झालं.

३ ऑक्टोबर
मुदत संपली. माझ्याकडे हरकत शून्य!

तेजलने राजीनामा दिला. पतसंस्थेने तिला बोलावलंय. मी आशीर्वाद दिला. काही माणसांना म्हशीच मानवतात. ऑफिसची किल्ली टेबलावर ठेवताना तिचे डोळे भरले होते. माझ्यापासून दूर जायचं म्हणजे वाईट वाटणारच. मलाही वाटलं. कोर्टाची तारीख तीच लक्षात ठेवायची.

६ ऑक्टोबर
प्रेरणा मॅडमचा फोन. एक हरकत स्पीड पोस्टाने थेट त्यांच्याकडे गेली आहे. श्रीमती झुंबरबाई, राहणार कार्ले. बापाच्या जमिनीत आपला हिस्सा आहे, विकताना आपल्याला विचारलं नाही. वडगावच्या टायपिंगवाल्याकडून करून घेतलेली. मॅडमनी शेवटची ओळ मला वाचून दाखवली: ‘माझ्या वकील भाच्याने सांगितल्यावरून ही हरकत लेखी देत आहे.’

मग विचारलं, हा भाचा कोण? मी रेंजचं कारण सांगून फोन ठेवला. पण एक गोष्ट कानाने टिपलीच. तिच्या एकाही वाक्यात सर नव्हतं.

९ ऑक्टोबर
मेल. बँकेने कर्ज थांबवलं. फर्म दुसरा लोकल वकील नेमणार. माझ्या रिपोर्टबद्दल खुलासा मागितलाय. खुलासा लिहायला बसलो. ‘सदर जमीन घरचीच असल्याने’ इथपर्यंत आलो. मग चहा सांगितला.

मुंबईच्या लोकांना नात्यागोत्यातलं काही कळत नाही.

११ ऑक्टोबर
सहज धोंडिबाभाऊंकडे गेलो. मोठेपणाने म्हणालो, भाऊ, अडचण असेल तर मी पुन्हा वेळ काढीन. ते म्हणाले, न्हाई वो, तेजलबाई लय झ्याक करत्यात. एरवी कटिंग असायचा, आज चहा पूर्ण कप दिला. पाहुण्याला देतात तसा.

बोर्डवाला आला होता. बोर्ड कुठे लावू म्हणाला. सध्या भिंतीकडे तोंड करून ठेव, म्हणालो.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
आत्या येणार नाही, अशी माझी खात्री होती. आबा सकाळपासून अंघोळ करून पाटावर बसले होते. कुणाची वाट बघताय, असं विचारायची माझी छाती झाली नाही. अकराला आत्या आली. आबांना ओवाळलं. आबांनी ताटात साडी ठेवली, पण मान वर केली नाही. ती म्हणाली, दादा, वर बघ की, टिळा नीट लागला न्हाई. आबा रडायला लागले. सारिका आत गेली. मला पंखा लावावासा वाटला, तो लावला.

जेवण झाल्यावर आत्या माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, निलेश, तू सांगितलं तसं लेखी दिलं बघ. आता फुडं काय करायचं?

मी म्हणालो, आता दावा लावावा लागेल, आत्या. वकील बघावा लागेल.

ती हसली. आरं, घरचाच वकील असताना भाईर कशाला जायचं? तूच चालव की.

खोटं कशाला लिहू, लाज वाटली. म्हणालो, मला नाही चालवता येणार. मी समोरच्या बाजूला आहे.

तिने भाबडेपणाने विचारलं, आन समोर कोन कोन हाय?

मी सांगायला तोंड उघडलं. फर्म गेली. बँक गेली. रिसॉर्टवाला माझा फोन उचलत नाही. आबा आत पलंगावर नवी टोपी छातीशी धरून पडले होते, तीही आत्यानेच आणलेली.

म्हणालो, सध्या मी एकटाच आहे.

आत्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी तिला तेजलचा नंबर लिहून दिला.