पाटल्या आणि भिंती

जयनगर, बंगळूर
रविवार, १२ फेब्रुवारी १९६१

प्रिय अक्का,

राजाजीनगरच्या तुझ्या तिसऱ्या घराच्या भिंती खिडक्यांच्या वरपर्यंत आल्या आणि काम तिथंच थांबलं. भीमाचार्यमामा काल स्वतः जाऊन पाहून आले. म्हणाले, "वसू, गवंडी पळाला नाही, पैसे पळालेत." हुबळीत बसून तुला हे ठाऊक असणारच. मला मात्र मामांकडून कळावं लागलं.

इकडे सगळे बरे आहोत. ह्यांचा खोकला स्वल्प कमी आहे. आम्ही राहतो त्या तुझ्या पहिल्या घराची तांबडी जमीन मी अजून दर शुक्रवारी तेलाच्या बोळ्यानं पुसते. तोंड दिसतं तिच्यात. फाटकावरची 'अनुसूया निलय' ही पितळी पाटी चिंचेनं घासते. घासावं तितकं तुझं नाव उजळतं. पोस्टमन मला 'अनुसूयम्मा' म्हणतो. पहिल्यांदा मी त्याला चूक सांगितली होती. आता 'सरी', बरं, म्हणते आणि पत्र घेते.

दिवाळीत पुण्याहून नणंद आली होती. आमचं हे भोग्य म्हणजे काय ते तिला समजेना. मी सांगितलं, मालकाला एकदम मोठी रक्कम द्यायची, त्याच्या घरात बिनभाड्यानं राहायचं, मुदत संपली की तेवढीच रक्कम परत घ्यायची. ती हसली आणि म्हणाली, "म्हणजे वहिनी, तुमच्या पैशांवर त्यांचं घर उभं राहिलं आणि तुम्हाला काय, तर तुमचेच पैसे?" मी तिला आणखी एक चकली वाढली. रात्रभर तेच डोक्यात घोळत होतं.

आईनं आपल्याला सारख्या वजनाच्या पाटल्या दिल्या होत्या. मी माझ्या मोडल्या, ह्यांची शिल्लक घातली आणि सगळं तुझ्या हातात दिलं. त्यातून हे घर झालं. मग दुसऱ्या कुणाच्या भोग्यातून तुझं दुसरं झालं. वास्तुशांतीला कोसंबरी वाढताना मी पाहत होते, द्रोण पुढे करणाऱ्या तुझ्या हातात पाटल्या तशाच चमकत होत्या. तुझ्या पाटल्या तुझ्या हातात, माझ्या पाटल्या तुझ्या भिंतींत. तू फसवलं नाहीस, अक्का. फसवलं असतंस तर बरं झालं असतं, चारचौघांत भांडता तरी आलं असतं. लहानपणीही सागरगोटे माझे असायचे आणि डाव तू जिंकायचीस, तसंच हे.

आता मुख्य गोष्ट. गुरुवारी देवाप्पा म्हणून एक निवृत्त रेल्वे गार्ड आले होते. तुझं तिसरं घर भोग्याला घ्यायचं आहे त्यांना. त्यांच्या पैशांनीच ते पुरं होणार ना? कागद नंतर, म्हणाले, आधी ज्यांचे पैसे मालकिणीकडे आहेत त्यांचं तोंड बघतो. इथली रीत तुला माहीत आहे: जुन्या भोग्यदारानं मान डोलावली की नवा थैली सोडतो. त्यांनी विचारलं, "अम्मा, पैसे परत मिळतील ना?" मी कॉफी ओतत राहिले. म्हटलं, पुढच्या गुरुवारी या, सांगते.

माझं म्हणणं असं. अक्षय्य तृतीयेला आमची मुदत संपते. आमचे पैसे परत करू नकोस. त्यांच्या बदली राजाजीनगरची ती जागा अर्ध्या घरासकट माझ्या नावावर करून दे. वर काही निघत असेल तर मामा सांगतील, मी देईन. देवाप्पांच्या पैशांनी घर मी पुरं करीन, ते पाच वर्षं त्यात राहतील. त्यांची फेड ह्यांच्या फंडातून होईल. हे तेव्हाच निवृत्त होतात. तोवर आम्ही पुन्हा कॉटनपेटच्या दोन खोल्यांत जाऊ. नळावर भांडीन, पण भाडं भरताना मला ठाऊक असेल की एका फाटकावर माझं नाव आहे. तू केलंस तेच मी करणार आहे. तुझ्याकडूनच शिकले.

देवाप्पांशी मी खोटं बोलणार नाही. अक्कानं आजवर कुणाचे पैसे बुडवले नाहीत, हे खरंच आहे. पण खरं बोलायचं की पुन्हा कॉफी ओतत बसायचं, एवढं माझ्या हातात आहे. हा धाक समज, नाहीतर धाकट्या बहिणीचा हट्ट समज. उत्तर बुधवारच्या टपालानं येईल अशी वाट पाहते. पोस्टमन हाक मारील, "अनुसूयम्मा, पत्र." गुरुवारी सकाळी देवाप्पा येतील.

तुझ्या घरातून, तुझीच
वसुमती